कापूर, कज्जली आणि कार्बन : वाफेतून स्फटिक घडवण्याचा इतिहास

आपल्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक संदेश वर्षातून तीन-चार वेळा तरी फिरून येतो : आपल्या पूर्वजांना नॅनो तंत्रज्ञान ठाऊक होते. पुरावा म्हणून कधी दमास्कसच्या तलवारीचा फोटो असतो, कधी पाऱ्याच्या औषधाचा, कधी घरच्या काजळाचा. निम्मे जण हात जोडतात, निम्मे हसतात आणि वाद पेटायच्या आत कोणीतरी 'शुभ सकाळ' टाकून विषय मिटवते. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला विषयाची मोकळीक दिली आहे, म्हणून हा विषय इथे जरा सविस्तर घेते. शाळेच्या आठवणी आपल्यातले इतर माझ्यापेक्षा छान लिहितील. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरमधली. पण ज्या चिपवर माझे काम चालते ती चिप कशापासून आणि कशी बनते, या कुतूहलातून जे वाचन झाले, त्यातून हा इतिहास हाती लागला.

विषय थोडक्यात असा. एखादा पदार्थ तापवून त्याची वाफ करायची, ती वाफ वेगळ्या तापमानाच्या जागी न्यायची आणि तिथे तिला पुन्हा घनरूपात, शिस्तीने, स्फटिक होऊन बसू द्यायचे. याला 'व्हेपर ट्रान्सपोर्ट' म्हणतात. आपण बाष्पवहन म्हणू. आज मोटारींपासून मोबाइलच्या चार्जरपर्यंत अनेक वस्तूंच्या मुळाशी ही युक्ती आहे.

तिचा पहिला धडा आपण सर्वांनी शाळेतच घेतला आहे. बाष्पनपात्रात मीठ आणि नवसागर यांचे मिश्रण, त्यावर उलटे नरसाळे, नरसाळ्याच्या नळीला कापसाचा बोळा आणि खाली दिवा. नवसागर पांढरा धूर होऊन वर जातो, नरसाळ्याच्या थंड भिंतीवर बसतो. मीठ खाली राहते. वहीत आपण 'संप्लवन' असे लिहिले आणि आकृतीला नावे दिली. आकृतीत न दिसणारी गंमत अशी की, नवसागर तापला की त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात आणि थंड जागी तेच दोन वायू पुन्हा एकत्र येऊन नवसागर बनतो. म्हणजे पदार्थ मोडून, प्रवास करून, पलीकडे परत बांधला जातो. गल्लीत कल्हईवाला बसायचा, भात्याने निखारे फुलवायचा आणि तापलेल्या पातेल्यात कथील आणि नवसागर टाकून कापसाने फिरवायचा, तेव्हा भपकन उठणारा पांढरा धूर हाच. तो धूर म्हणजे हवेत पुन्हा जुळलेले नवसागराचे बारीक कण.

काचकुपीतला पारा

आता पूर्वजांकडे वळू. आपल्या रसशास्त्रात 'रससिंदूर' नावाचे औषध आहे. ते करण्याची रीत 'कूपीपक्व' म्हणून प्रसिद्ध आहे. पारा आणि गंधक खलात घोटून काळीभोर कज्जली करायची. काचेच्या कुपीवर मातीत भिजवलेल्या कापडाचे सात थर देऊन त्या वाळवायच्या. कुपीचा साधारण तिसरा हिस्सा कज्जलीने भरून ती वालुकायंत्रात, म्हणजे वाळूने भरलेल्या भांड्यात, गळ्यापर्यंत पुरायची. मग मृदू, मध्यम आणि तीव्र अशा क्रमाने अग्नी द्यायचा. जादा गंधकाचा धूर निघून गेला की कुपीच्या तोंडाला डाट बसवायचा. शेवटी सगळे आपोआप थंड होऊ द्यायचे, याला 'स्वांगशीत' असा नेमका शब्द आहे. कुपी फोडली की तळाची काळी पूड गेलेली असते आणि गळ्याशी लालभडक, चमकदार स्फटिकांचा थर जमलेला असतो.

आजच्या भाषेत सांगायचे तर काळा मर्क्युरिक सल्फाइड तापून पारा आणि गंधक यांची वाफ झाली, ती वर गेली आणि गळ्याच्या कमी तापलेल्या भागात तोच सल्फाइड लाल स्फटिकरूपात परत जमला. हे शंभर टक्के बाष्पवहन आहे. वाळू कशासाठी, तर उष्णता सगळीकडून सारखी आणि सावकाश मिळावी म्हणून. डाट कशासाठी, तर वाफ निसटू नये म्हणून. हळूहळू थंड का करायचे, तर कुपी तडकू नये आणि थर नीट बसावा म्हणून. आधुनिक भट्टीतही याच तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. (उत्साही मंडळींना सूचना : पाऱ्याची वाफ हे विष आहे. हा प्रयोग घरी कोणीही करायचा नाही.)

त्यामुळे 'आपल्याकडे काहीच नव्हते' असे म्हणणाऱ्यांना उत्तर मिळाले. पण दुसऱ्या बाजूलाही एक प्रश्न उरतो. रससिंदूर गळ्याशीच का जमते, तिथले तापमान किती, वाफेत नेमके काय असते, हीच युक्ती लोखंडाला किंवा जस्ताच्या सल्फाइडला लागू पडेल का, हे प्रश्न त्या परंपरेत पुढे गेले नाहीत. रीत अचूक जपली गेली. रीतीमागचा नियम शोधला गेला नाही.

ज्वालामुखीपासून दिव्यापर्यंत

तो नियम शोधण्याची सुरुवात युरोपात एका ज्वालामुखीच्या निरीक्षणातून झाली. बन्सन बर्नरमुळे आपल्याला माहीत असलेले रॉबर्ट बन्सन यांनी १८५२ मध्ये नोंदवले की, ज्वालामुखीच्या वायूंमधून लोखंडाच्या ऑक्साइडचे स्फटिक तयार होतात. लोखंडाचा ऑक्साइड सहजासहजी वाफ होणारा पदार्थ नाही. पण ज्वालामुखीच्या वायूंत हायड्रोजन क्लोराइड असतो. तो ऑक्साइडशी संयोग पावून लोखंडाचा क्लोराइड बनवतो, हा क्लोराइड वाफ होऊन प्रवास करतो आणि दुसऱ्या जागी उलट क्रिया होऊन ऑक्साइड स्फटिकरूपात बाहेर पडतो. हायड्रोजन क्लोराइड मोकळा होतो आणि पुढचा माल आणायला परत जातो. इथे वाहून नेणारा हमाल वेगळा आणि माल वेगळा. जो पदार्थ स्वतःहून उडत नाही त्यालाही हमाल मिळाला की उडवता येते, हा या शोधाचा गाभा.

पुढे १९२५ मध्ये हॉलंडमध्ये व्हान आर्केल आणि डी बूर यांनी आयोडीन हा हमाल वापरून टायटॅनियम आणि झिर्कोनियम हे हट्टी धातू अतिशुद्ध रूपात मिळवले. त्यांच्या पात्रात अशुद्ध धातू कमी तापलेल्या जागी आणि शुद्ध धातू जमायचा तो लालबुंद तारेवर, म्हणजे रससिंदुराच्या बरोबर उलट. कोणत्या क्रियेत माल गरम जागी उतरेल आणि कोणत्या क्रियेत थंड जागी, हे क्रियेत उष्णता बाहेर पडते की शोषली जाते यावर ठरते. हे सगळे सूत्रबद्ध करण्याचे मोठे काम जर्मनीतल्या म्युन्स्टरचे हाराल्ड शेफर यांनी केले. रासायनिक वहनक्रियांवरचे त्यांचे पुस्तक १९६२ मध्ये जर्मनमध्ये आणि १९६४ मध्ये इंग्रजीत आले. आजही प्रयोगशाळांत हमाल म्हणून आयोडीन वापरतात, आणि कधीकधी चिमूटभर नवसागरसुद्धा. तापल्यावर तो हायड्रोजन क्लोराइड देतो ना, म्हणून.

मोटारीतला हॅलोजन दिवा हे याचेच घरगुती रूप. त्यातल्या टंगस्टनच्या तारेवरून उडालेले अणू काचेवर बसून ती काळी करण्याआधीच आयोडीन किंवा ब्रोमीन त्यांना पकडून तारेकडे परत आणते. म्हणून तो दिवा साध्या दिव्यापेक्षा लहान असूनही जास्त प्रखर जळतो आणि जास्त टिकतो.

दीड नॅनोमीटरची पायरी

आता एका भारतीयाची गोष्ट, जी ग्रुपवर एकदाही आलेली मला आठवत नाही. उद्यमनगरात ज्यांची वर्कशॉप आहेत त्यांना ग्राइंडिंग व्हीलमधले कार्बोरंडम माहीत आहे. तो सिलिकॉन कार्बाइड. त्याचे स्फटिक भट्टीत वाफेतून वाढतात. १९४९ मध्ये एफ. सी. फ्रँक यांनी असे मांडले की, स्फटिकात एक विशिष्ट दोष असेल तर त्याचा पृष्ठभाग गोल जिन्यासारखा वाढत जातो. वाफेतले अणू पायरीच्या कडेला येऊन बसतात आणि पायरी फिरत फिरत वर चढते. हा जिना कधी संपत नसल्याने स्फटिकाला प्रत्येक थरासाठी नवी सुरुवात करावी लागत नाही. ही कल्पना होती. तिला डोळ्यांनी पाहिलेला पुरावा हवा होता.

लंडनमध्ये संशोधन करणाऱ्या अजित राम वर्मा यांनी १९५१ मध्ये कार्बोरंडमच्या पृष्ठभागावरच्या अशा सर्पिल जिन्यांचे फोटो प्रसिद्ध केले. प्रकाशाच्या व्यतिकरणाने त्यांनी पायऱ्यांची उंचीसुद्धा मोजली. ती दीड नॅनोमीटरच्या घरात भरली. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या केसाची जाडी साधारण ८० हजार नॅनोमीटर असते. 'नॅनो' हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता त्या काळात एका भारतीयाने नॅनोमीटरची पायरी मोजली होती. हेच वर्मा पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे संचालक झाले.

सिलिकॉन कार्बाइडची गोष्ट इथे थांबत नाही. १९५५ मध्ये फिलिप्स कंपनीतले लेली यांनी तो वाफेतून शुद्ध रूपात वाढवण्याची रीत काढली. १९७८ मध्ये लेनिनग्राडच्या ताइरोव्ह आणि त्स्वेत्कोव्ह यांनी तीत बियाणे घातले, म्हणजे एक लहान तयार स्फटिक, ज्यावर पुढची वाढ व्हावी. आज बंद पात्रात खाली पूड, वर किंचित कमी तापमानाला बी-स्फटिक आणि भट्टी २००० अंश सेल्सिअसच्या वर, अशा रीतीने मोठाले स्फटिक वाढवतात. त्यांच्या चकत्यांवर बनलेल्या चिप विजेवरच्या मोटारींत आणि वेगवान चार्जरमध्ये बसतात. मांडणी पाहिली तर खाली माल, वर थंड गळा. वालुकायंत्राची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. फरक आहे तो तापमान, दाब आणि वाढीचा वेग यांवर आकड्यांनी ठेवलेल्या ताब्याचा.

पवईतला कापूर

आता आपल्या महाराष्ट्रातला प्रसंग. कापूर आपल्या प्रत्येक घरात असतो. डबीत ठेवलेल्या वड्या झिजतात आणि डबीच्या झाकणाला आतून चमचमते कण धरतात. ते कापराचे स्फटिक, कोणी न करता झालेले बाष्पवहन. आणि आरतीत कापूर जळला की तबकावर काजळी धरते, कारण त्याच्या एका रेणूत कार्बनचे १० अणू असतात आणि ते सगळे पूर्ण जळत नाहीत.

ऐंशीच्या दशकात कार्बनच्या जगात खळबळ उडाली होती. १९८५ मध्ये ६० अणूंचा फुटबॉलसारखा रेणू, फुलरीन, सापडला. त्यासाठी क्रोटो, स्मॉली आणि कर्ल यांना १९९६ चे नोबेल मिळाले. १९९१ मध्ये जपानच्या सुमियो ईजिमा यांनी कार्बनच्या नॅनोनळ्यांकडे जगाचे लक्ष वेधले. पोकळ, केसाच्या हजारो पट बारीक आणि वजनाच्या मानाने पोलादाहून कितीतरी बळकट अशा त्या नळ्या. अशा नळ्यांची चित्रे त्याआधीही, १९५२ मध्ये सोव्हिएत संशोधकांनी आणि १९७६ मध्ये ओबरलिन, एंडो आणि कोयामा यांनी प्रसिद्ध केली होती, पण तेव्हा फारसे कोणी वळून पाहिले नाही.

या शर्यतीत पवईच्या आयआयटीतले प्रा. महेश्वर शेरॉन यांनी कच्चा माल म्हणून कापूर निवडला. बाकीचे लोक खाणीतून किंवा तेलातून येणारा कार्बन वापरत होते. कापूर झाडापासून मिळतो, स्वस्त आहे, विषारी वायूंच्या टाक्या लागत नाहीत आणि थोड्या उष्णतेने तो स्वतःहून वाफ होतो. १९९४ मध्ये मुखोपाध्याय, कृष्णा आणि शेरॉन यांचा कापरापासून फुलरीन मिळवण्यावरचा लेख 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या जगातल्या अग्रगण्य नियतकालिकात छापून आला. त्याच गटाने पुढे कापरापासून कार्बनचे सूक्ष्म मणी आणि रॉकेलपासून नॅनोनळ्या केल्या. या गटात काम केलेले मुकुल कुमार नंतर जपानमधल्या नागोयाच्या मेइजो विद्यापीठात गेले. तिथे योशिनोरी आंदो यांच्यासोबत त्यांनी २००३ मध्ये कापरापासून गवतासारख्या सरळ उभ्या, एका दिशेने वाढलेल्या नॅनोनळ्यांची सोपी रीत प्रसिद्ध केली.

ती रीत शाळेच्या आकृतीइतकी साधी आहे. क्वार्ट्झची एक लांब नळी. तिच्या एका टोकाला कापूर आणि त्यात लोखंडाचे संयुग असलेले थोडे फेरोसीन. तिथे मंद उष्णता. दोन्हींची वाफ आरगॉन वायूच्या झुळकीने पुढे, सुमारे ९०० अंशांच्या भट्टीत जाते. तिथे फेरोसीन फुटून लोखंडाचे अतिसूक्ष्म कण होतात, कापराचा रेणू मोडतो, त्याचा कार्बन लोखंडाच्या कणात विरघळतो आणि कण कार्बनने तृप्त झाला की तो दुसऱ्या बाजूने नळीच्या रूपात बाहेर पडू लागतो. कणाच्या आकारावर नळीची जाडी ठरते. धातूच्या थेंबातून घन पदार्थ काडीसारखा वाढतो ही कल्पना १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या वॅग्नर आणि एलिस यांनी सोन्याचे थेंब आणि सिलिकॉन वापरून मांडली होती. नॅनोनळीच्या बाबतीतही तिचा आधार झाला.

आता काजळाच्या दाव्याकडे येऊ. आजीने तुपाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून केलेल्या काजळात कार्बनचे कण काही दशनॅनोमीटरचे असतात, हे खरे. ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २००६ मध्ये १७व्या शतकातल्या दमास्कस तलवारीत कार्बनच्या नॅनोनळ्या आढळल्याचे जाहीर केले, आणि अशा तलवारींना लागणारे पोलाद भारतातून जात असे, हेही खरे. म्हणजे पूर्वजांच्या हातात नॅनो पदार्थ होते. ते नॅनो आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते आणि ते ठाऊक असण्याचे साधनही नव्हते. लोहाराचे कौशल्य यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण कापरातून हवी तेवढ्या जाडीची नळी, हवी त्या दिशेने वाढवणे हे ज्ञान पवई आणि नागोयाच्या भट्ट्यांजवळ, चुकत-मोजत, अलीकडेच मिळाले. त्याचे श्रेय ज्यांनी ते काम केले त्यांना देऊ या.

हात आणि डोके

मग रसशास्त्राची वाट मध्येच का थांबली? आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचे दोन खंड १९०२ आणि १९०९ मध्ये प्रसिद्ध केले. ते स्वतः पाऱ्याच्या संयुगांचे मोठे संशोधक आणि परंपरेचे अभिमानी. तरीही त्यांनी स्पष्ट लिहिले की, जातिव्यवस्था कडक झाली, हाताने करायची कामे खालच्या मानलेल्या जातींकडे ढकलली गेली, विचार करणारा वर्ग भट्टी, माती आणि धातू यांच्यापासून दूर गेला, आणि 'का' व 'कसे' विचारण्याची सवयच मोडली. ज्याच्या हातात कुपी होती त्याच्याजवळ पुस्तक नव्हते आणि ज्याच्याजवळ पुस्तक होते तो कुपीला हात लावत नव्हता.

राय यांचा पहिला खंड आला त्याच १९०२ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी मागास वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा काढला. निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली आणि १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला. राय यांनी सांगितलेल्या दुखण्यावरचे औषध आपल्या गावात असे सुरू झाले. हात आणि पुस्तक एका माणसाकडे यावेत, हा त्याचा एक अर्थ.

त्याचे फळ १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठात दिसते. तिथल्या भौतिकशास्त्र अधिविभागाची ओळख पातळ थरांच्या संशोधनाने झाली. वाफेच्या रीतीला निर्वात पंप, महागड्या भट्ट्या आणि शुद्ध वायू लागतात. इथल्या संशोधकांनी नावारूपाला आणलेल्या रीतींना निर्वात लागत नाही. काचेची पट्टी रसायनाच्या द्रावणात बुडवून तिच्यावर थर वाढू देणे, ती आळीपाळीने दोन द्रावणांत बुडवत थरावर थर चढवणे, किंवा तापलेल्या काचेवर द्रावणाचा बारीक फवारा मारणे. फवाऱ्याचा थेंब काचेवर पोचता पोचता सुकतो, फुटतो आणि ऑक्साइडचा थर मागे ठेवतो. फवाऱ्याच्या रीतीवर प्रा. पी. एस. पाटील यांचा १९९९ चा आढावा लेख आणि द्रावणाच्या रीतीवर आर. एस. माने व प्रा. सी. डी. लोखंडे यांचा २००० चा आढावा लेख जगभरातल्या संशोधकांनी संदर्भासाठी वापरले आहेत. चंचुपात्र, गरम तवा आणि फवारणी एवढ्या सामानावर उभे राहिलेले हे काम आहे. त्यामागे चिकाटी आहे आणि प्रत्येक थराची जाडी, रंग, वाहकता मोजून लिहून ठेवण्याची शिस्त आहे.

शेवटी आपल्या शाळेविषयी. स्नेहमेळाव्यानिमित्त शाळेला भेट काय द्यावी याची चर्चा चालू आहे आणि मोठ्या स्क्रीनच्या बाजूने बरीच मते आहेत. माझी सूचना अशी आहे की, जमलेल्या रकमेतला निदान अर्धा भाग प्रयोगशाळेला द्यावा : नरसाळी, बाष्पनपात्रे, परीक्षानळ्या, तापमापी, दोन चांगले सूक्ष्मदर्शक आणि दर वर्षी लागणारी रसायने. संप्लवनाचा व्हिडिओ आज कुठल्याही मोबाइलवर दिसतो. पण नरसाळ्यावर जमलेला पांढरा थर बोटाने खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, दिवा जवळ किंवा लांब ठेवला तर थर कुठे सरकतो ते मोजून वहीत लिहिणे, हे प्रत्येक मुलामुलीच्या हातून व्हायला हवे. आपल्या सरांनी आणि बाईंनी तुटपुंज्या सामानात आपल्याकडून ते करून घेतले. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गाला पाच-सहा संच मिळाले तरी कोणालाही नुसते पाहत बसावे लागणार नाही. यादी आणि अंदाजे खर्च काढण्याचे काम मी घेते. ग्रुपवर होकार कळवा.